खाऱ्या पाण्याची मळी: माशांच्या टाकीसाठी स्किमर घेताना

भाकरी थापत असाल तर थापत राहा, हळद निवडत असाल तर निवडत राहा. फक्त कान तेवढा इकडं द्या.

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे घरात ठेवायची समुद्री माशांची टाकी, आणि तिला लागणारं प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र. आता म्हणाल, आपलं कुरुंदा कुठं आणि समुद्र कुठं! हळद विचारा, ऊस विचारा, सोयाबीन विचारा. समुद्राचं आपल्याला काय कळतंय? खरं सांगते, मलाही कळत नव्हतं. पण हा विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीत आला, आणि तोही कर्जाची मागणी घेऊन. पैशाचा विषय आला की बाईनं समजून घ्यायलाच पाहिजे. 'पोरगा म्हणतो म्हणून' सही करायची नाही.

झालं असं. आमच्या गटातल्या एका मावशीचा मुलगा नांदेडला माशांच्या टाक्यांच्या दुकानात दोन वर्षं कामाला होता. वसमतच्या एका दवाखान्यात डॉक्टरांना बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची होती. तिची देखभाल या मुलानं करायची, महिन्याला दीड हजार रुपये मिळणार. पण गोड्या पाण्याचं काम त्याला येत होतं, खाऱ्याचं नाही. म्हणून आधी घरी एक टाकी लावून हात बसवायचा, असं त्यानं ठरवलं. दुकानातून अंदाजपत्रक आणलं अठ्ठावीस हजारांचं. त्यात एकट्या स्किमरचे साडेनऊ हजार.

मावशीनं गटाकडं अठ्ठावीस हजार मागितले. मी गटाचं रजिस्टर लिहिते. माझा पेन तिथंच थांबला. जुलै २०२२ मध्ये गावात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा कुणाचे कपडे, कुणाचं धान्य, कुणाची शिलाई मशीन गेली. तेव्हापासून आमच्या गटात कर्ज देताना आम्ही चार प्रश्न जास्तच विचारतो. मावशीचं घरही त्या पाण्यात होतं. तिचं पुन्हा नुकसान व्हायला नको, आणि तिचा मुलगा हाताशी आलेलं काम सोडूनही बसायला नको. म्हणून आम्ही मुलालाच बैठकीला बोलावलं आणि म्हटलं, बाबा, हे यंत्र काय करतं ते आधी आम्हाला समजेल असं सांग.

त्यानं सांगायला सुरुवात केली. टाकीत मासे हगतात, उरलेलं खाणं कुजतं, त्यातून पाण्यात न दिसणारी घाण मिसळते. यंत्र पाण्यात बारीक बारीक बुडबुडे सोडतं. घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते, वर फेस होतो आणि तो फेस एका वाटीत जमा होतो. वाटी काढून ओतून द्यायची.

आमच्या अध्यक्ष आजी लगेच म्हणाल्या, "म्हंजे गुऱ्हाळातली मळीच की रे!"

अगदी बरोबर. काहिलीत उसाचा रस तापायला लागला की भेंडीचं पाणी टाकतात, मळी वर येते आणि गुळव्या ती झाऱ्यानं काढून टाकतो. ती वेळेवर काढली नाही तर रसातच विरघळते आणि गूळ काळा पडतो. डाळ शिजताना वर पांढरा फेस येतो, तोही तसाच. डाळीतली प्रथिनं हवेच्या बुडबुड्याला धरून वर आलेली असतात. प्रथिनांच्या कणाचं एक टोक पाण्याकडं ओढ घेतं आणि दुसरं पाण्यापासून लांब पळतं. म्हणून तो पाणी आणि हवा यांच्या सीमेवर, म्हणजे बुडबुड्याच्या सालीवर जाऊन बसतो. यंत्राच्या नावातलं 'प्रोटीन' ते हेच, आणि 'स्किमर' म्हणजे वरचं काढून घेणारा. आपला झारा म्हणा ना.

मग मोठ्या बुडबुड्यांनी काम होत नाही का? होतं, पण थोडं. एका मोठ्या बुडबुड्याऐवजी तेवढ्याच हवेचे हजार बारीक बुडबुडे केले तर त्यांची मिळून साल कितीतरी जास्त भरते, आणि ते सावकाश वर चढतात. घाणीला चिकटायला जागाही मिळते आणि वेळही. म्हणून चांगल्या स्किमरची पहिली खूण लक्षात ठेवा: आतलं पाणी दुधासारखं पांढरं दिसलं पाहिजे. सोड्याच्या बाटलीसारखे सुटे बुडबुडे दिसत असतील तर यंत्र नावालाच आहे.

आता एक फसवणुकीची जागा सांगते. हे यंत्र खाऱ्या पाण्यातच चालतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या क्षारांमुळं बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत. गोड्या पाण्यात ते लगेच एक होऊन फुटतात, फेस टिकत नाही. तेव्हा गोल्डफिश किंवा गप्पीच्या टाकीसाठी कुणी स्किमर विकत असेल तर सरळ नको म्हणा. तिथं साधा स्पंज फिल्टर आणि हवेचा छोटा पंप पुरतो.

दुसरी गोष्ट, हे यंत्र काय करत नाही. ते घाण कुजण्याआधी बाहेर काढतं. पण कुजून पाण्यात तयार झालेला अमोनिया किंवा नायट्रेट ते काढत नाही. अमोनियाला जिरवणारे जिवाणू टाकीतल्या दगडांवर, वाळूत, फिल्टरमध्ये वाढावे लागतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे सोडायचे नाहीत. पाणी बदलणंही सुटत नाही. झाऱ्यानं मळी काढली म्हणून काहील घासायची राहत नाही, तसंच हे.

इथं आमच्या बैठकीत एकीनं नेमका प्रश्न विचारला. "पाणी बदलावंच लागतंय, तर मग यंत्र घ्यायचंच कशाला?"

उत्तर असं, की लहान टाकीला खरोखरच लागत नाही. साठ-सत्तर लिटरची टाकी, त्यात दोन लहान मासे आणि बेताचं खाणं असेल, तर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं की भागतं. साठ लिटरला नऊ लिटर पाणी आणि सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास समुद्री मीठ. सगळ्यात स्वस्त स्किमर म्हणजे बादली! टाकी मोठी असेल, मासे जास्त असतील, किंवा दवाखान्यासारख्या ठिकाणी लोकांना पाणी कायम निर्मळ दिसायला हवं असेल, तर स्किमरचा खरा उपयोग. दवाखान्याची टाकी मोठी होती, म्हणून मुलाला स्किमर चालवायला शिकणं भाग होतं. पण शिकायला साडेनऊ हजारांचाच लागतो का, हा मुद्दा राहिलाच.

मग आम्ही माप काढलं. तुम्हीही काढून बघा. टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्ही गुणायचे आणि हजारानं भागायचं. आलं ते लिटर. मुलाची टाकी होती ९० बाय ४० बाय ४५, म्हणजे १६२ लिटर. त्यातून दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी १३० लिटरच्या आसपास. दुकानदार देत होता तो स्किमर होता ५०० लिटरचा.

आता खोक्यावरचे आकडे वाचायची रीत. कंपन्या आकडा सढळ हातानं छापतात. खोक्यावर २०० लिटर लिहिलं असेल तर ते कमी मासे, कमी खाणं धरून. म्हणून आपल्या पाण्याच्या दीडपट ते दुप्पट आकड्याचा स्किमर घ्यावा. १३० लिटरला २०० ते २५० लिटरचा. त्याहून फार मोठा घेऊ नये. फेस वाटीपर्यंत चढायला पाण्यात पुरेशी घाण लागते. दोन माशांच्या टाकीला ५०० लिटरचं यंत्र लावलं तर फेस अर्ध्यातच बसतो आणि वाटी कोरडी राहते. चार माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं चुलीवर ठेवल्यासारखं.

प्रकार मुख्य तीन. पहिला, हवेच्या पंपावर चालणारा. त्यात एक लाकडी ठोकळा असतो, त्याच्या छिद्रांतून बारीक हवा येते. घ्यायला सगळ्यात स्वस्त. पण ठोकळा महिना-दोन महिन्यांत गच्च होतो आणि बदलावा लागतो. दुसरा व्हेंचुरीचा. पाणी अरुंद नळीतून जोरात जातं आणि जाता जाता हवा ओढून घेतं. ती नळी मिठानं बुजते, गरम पाण्यानं साफ करावी लागते. तिसऱ्यात पंपाच्या चक्राला काटे असतात. ते हवा आणि पाणी घुसळून अगदी बारीक बुडबुडे करतात. रवीनं ताक घुसळावं तसं. कमी विजेत चांगलं काम करतो तो हाच, आणि आता त्याचे लहान आकारही मिळतात.

बसवायच्या जागेवरूनही किंमत ठरते. काही स्किमर टाकीखालच्या वेगळ्या हौदात ठेवायचे असतात, त्याला सम्प म्हणतात. त्यासाठी दुसरी टाकी, पाइप, मोठा पंप, सगळा खर्च वाढतो. आपल्यासारख्यांना टाकीच्या मागच्या काठावर लटकवायचा स्किमर बरा. काच भोकायला नको, हौद नको.

वीज विसरू नका. हे यंत्र रात्रंदिवस चालतं. दहा वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला सव्वासात युनिट होतात. पंचवीस वॅटचा असेल तर अठरा युनिट. दुकानात किंमत एकदाच द्यायची असते, वीज मात्र दर महिन्याला भरायची असते. म्हणून खोक्यावर लिटरच्या आधी वॅट बघा.

आणि आपल्याकडं वीज जाते, हे दुकानदाराच्या हिशेबात नसतं. हवेच्या पंपाचा स्किमर असेल तर पंप टाकीच्या पाण्यापेक्षा उंच जागी ठेवा, नाहीतर नळीत उलट पाणी न येऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह बसवा. तो दहा-वीस रुपयांचा असतो. तो नसेल तर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येतं, आणि वीज आल्यावर खारं पाणी भरलेला पंप सुरू होतो. पाणी आणि वीज यांची गाठ पडू द्यायची नाही, बायांनो. घरात लेकरं असतात. वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डापर्यंत जाणार नाही.

उन्हाळ्याचंही तेच. समुद्री माशांना पाणी २४ ते २७ अंशांचं मानवतं, आणि आपल्याकडं वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यातून खाऱ्या पाण्यात गोड्यापेक्षाही कमी. स्किमर पाण्यात हवा मिसळतो, तेवढा आधार होतो. टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा आणि पाण्यावरून पंखा फिरू द्या, दोन-तीन अंश उतरतात. पण त्यानं पाणी आटतं. आटतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या पाण्यानं घालायची. बोअरचं नको, ते जड असतं. आरओचा जार आणा. नवीन खारं पाणीही त्यातच कालवा, आणि समुद्री मीठ म्हणून मिळतं तेच वापरा. स्वयंपाकाच्या मिठात समुद्रातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम हवं तसं नसतं.

तर आमच्या गटानं काय केलं? मुलाला म्हटलं, पुन्हा नांदेडला जा, पण या वेळी प्रश्न घेऊन जा. पंपाचा सुटा भाग मिळतो का? चक्र, रबरी कडी, हवेची नळी वेगळी विकत देता का? दुकानात पाण्यात लावून दाखवता का? गळतो का, आवाज किती करतो? वापरलेला आहे का कुणाचा? वापरलेला स्किमर वाईट नसतो. फक्त तो पाण्यानं भरून तासभर ठेवायचा, चीर असेल तर कळते. शेवटी तीन हजार दोनशेला मागं लटकवायचा, काट्यांच्या चक्राचा, दहा वॅटचा स्किमर मिळाला. टाकीचा स्टँड गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. अठ्ठावीस हजारांचा आकडा साडेसोळा हजारांवर आला. सहा आठवडे कमाई नाही, म्हणून पहिला हप्ता दोन महिन्यांनी ठेवला.

पुढं सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. नव्या स्किमरला रुळायला चार-आठ दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. आधी तो काही काढत नाही, नाहीतर एकदम खूप काढतो. मुलगा रोज पाण्याची पातळी थोडी वर, थोडी खाली करत होता. हळूहळू वाटीत चहासारखं तपकिरी, उग्र वासाचं पाणी यायला लागलं. मावशी खूश झाली. ती वाटी बघून तिला वाटलं, भांडं फारच कळकट झालंय. तिनं भांड्याच्या साबणानं घासून लख्ख केलं आणि जागेवर लावलं.

रात्री दोनला पायाखाली पाणी लागलं म्हणून ती उठली. वाटी भरून वाहत होती, खाली सगळं ओलं. साबणाचा नुसता अंश राहिला होता, पण तेवढ्यानं फेस अनावर झाला. घाबरून तिनं टाकीत आरओचं पाणी ओतून पातळी सारखी केली. ती दुसरी चूक. बाहेर गेलं होतं खारं पाणी, आत आलं गोडं. क्षार उतरले. सकाळी मुलानं हायड्रोमीटर बुडवून बघितलं, १.०२५ पाहिजे तिथं १.०१९ दाखवत होता. नशीब, टाकीत तेव्हा मासे नव्हते. त्यानं खारं पाणी कालवून दोन-तीन दिवसांत हळूहळू मूळ जागी आणलं.

मावशीनं मला सांगितलं, "हे रेडिओवर सांग गं. माझं नाव नको घेऊ, पण साबणाचं सांग." म्हणून सांगते. वाटी आणि तिचा गळा दोन-तीन दिवसांनी नुसत्या पाण्यानं, वेगळ्या ब्रशनं धुवायचा. गळ्याला तेलकट थर धरला की फेस वर चढत नाही, म्हणून हे धुणंच सगळ्यात महत्त्वाचं. महाग स्किमर न धुतलेला असण्यापेक्षा स्वस्त स्किमर धुतलेला बरा. महिना-दोन महिन्यांनी पंप काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवायचा, मिठाचे खडे सुटतात. नंतर चांगला धुवायचा. हाताला तेल, हळद, क्रीम असेल तर टाकीत हात घालायचा नाही. फेस सांडला तर भर खाऱ्या पाण्याची, पाणी आटलं तर भर गोड्या पाण्याची. एवढं भिंतीवर लिहून ठेवा.

आता कायद्याचं. जिवंत प्रवाळ, म्हणजे समुद्रातला पोवळ्याचा दगड, आणि समुद्रघोडा हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. कुणी टाकीसाठी देतो म्हणालं तरी घ्यायचे नाहीत. मेलेल्या प्रवाळाचा दगडही नको. जिवाणू वाढायला सिरॅमिकची कडी किंवा तयार केलेले दगड मिळतात. मासेही शक्यतो टाकीतच पैदास झालेले घ्या. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश आता आपल्या देशात पैदास केला जातो, नवी मुंबईत ऐरोलीच्या केंद्रातही. असा मासा टाकीला सरावलेला असतो, लवकर दगावत नाही, आणि त्याच्यासाठी समुद्रही ओरबाडावा लागत नाही.

ज्यांना हा व्यवसाय म्हणून करायचा आहे त्यांच्यासाठी एक. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घरामागच्या अंगणात शोभेचे मासे वाढवण्यासाठी तीन लाखांपर्यंतच्या घटकाची आणि महिलांना ६० टक्के अनुदानाची तरतूद होती. सध्या अर्ज घेतात का, ते हिंगोलीला मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः विचारा. पण माझं मत विचाराल तर सुरुवात गोड्या पाण्यापासून करा. आपल्या पाण्याला आणि आपल्या खिशाला तेच झेपतं. खारं पाणी घ्यायचं तर मावशीच्या मुलासारखं, समोर ठरलेलं काम असेल तेव्हाच.

आज मावशीच्या घरात दोन क्लाऊनफिश आहेत. दवाखान्याची टाकीही लागली, आणि गटाचे चार हप्ते वेळेवर आले. संध्याकाळी गल्लीतली लेकरं खिडकीशी गर्दी करतात. त्यांतल्या कुणीच अजून समुद्र बघितलेला नाही.

पुढच्या बैठकीत तुमच्याकडं कुणी कुठल्याही यंत्रासाठी कर्ज मागितलं, मग ते स्किमर असो, पिठाची गिरणी असो की मिरची कांडप, तर पाच प्रश्न विचारा. हे नेमकं काय काम करतं? याच्याशिवाय भागतं का? आपल्या मापाचं आहे का? वीज आणि सुटे भाग धरून महिन्याचा खर्च किती? आणि धुणार कोण, दुरुस्त करणार कोण? उत्तरं आली की मगच रजिस्टर उघडा.

येते मैत्रिणींनो. भाकरी करपली नसेल अशी आशा आहे. नमस्कार.